श्रवणयंत्र लावणारी मुलगी पडद्यावर दाखवायची तर

प्रश्न एका चित्रकार-डिझायनरचा आहे. थोडक्यात असा: "तिसरी ते सातवीच्या मुलांसाठी मराठीचं अ‍ॅप करतोय. त्यात पाच-सहा मुलांची पात्रं आहेत, त्यांचे व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर्स आहेत, आणि मुलांना स्वतःचं प्रोफाइल-चित्रही जुळवता येईल. एका मुलीला श्रवणयंत्र द्यायचं ठरलं. नमुना म्हणून फोनमधल्या इमोजीतला कान घेतला. टीममधले म्हणतात, एवढं पुरे. एका पालकांनी मात्र कळवलं, की अशा मुलांना वेगळं काढून दाखवू नका, त्यांना त्रास होतो. काय करावं?"

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कान तपासणं, मशीन बसवणं, इम्प्लांट (आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) झालेल्या मुलांचं मॅपिंग, म्हणजे त्या यंत्राचा आवाज मुलाला जुळवून देणं, आणि पुढची वर्षानुवर्षं चालणारी थेरपी, यातच माझा दिवस जातो. चित्रकलेतलं मला कळत नाही. पण चुकीचं लावलेलं मशीन मला लांबूनही खटकतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या पोरांना ते माझ्याही आधी खटकतं.

मुलगी ठेवा, इमोजीतला कान सोडा. आणि त्या पालकांचं म्हणणं झटकून टाकू नका. त्यांचा राग तुमच्या पात्रावर नाही, आजवर पाहिलेल्या फोटोंवर आहे. त्याकडे पुढे येते.

इमोजीचं आधी उरकते. साधा कान युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनांत चालणाऱ्या अक्षर-चिन्हांच्या सामाईक यादीत, २०१० पासून आहे. मशीन लावलेला कान यायला २०१९ उजाडलं. मार्च २०१८ मध्ये अ‍ॅपलने युनिकोड कन्सॉर्शियमला अपंगत्वाशी संबंधित तेरा इमोजींचा प्रस्ताव दिला होता. पांढरी काठी, व्हीलचेअर, कृत्रिम हात-पाय, प्रशिक्षित कुत्रे अशी ती यादी. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफसारख्या संस्थांना बरोबर घेऊन ती केलेली होती, आणि ही सुरुवात आहे, यादी पूर्ण नाही, हे प्रस्तावातच लिहिलेलं होतं. मार्च २०१९ च्या युनिकोड १२ मध्ये ही चिन्हं आली आणि वर्षअखेरीपर्यंत फोनमध्ये दिसू लागली. मशीन लावलेल्या कानाच्या त्वचेचा रंगही बदलता येतो. चांगलंच झालं. आमच्याकडची कॉलेजची मुलं "मशीन दुरुस्तीला दिलंय, मेसेज कर" असं सांगायला तो कान वापरतात, आणि तेवढ्यापुरता तो फार कामाचा आहे.

पण नीट बघा, तो नुसता कान आहे. माणूस नाही. चष्म्याचं बघितलं तर इमोजीत चष्मा घातलेला हसरा चेहरा आहे, गॉगल लावलेला ऐटबाज चेहरा आहे. श्रवणयंत्राच्या वाट्याला मात्र सुटा अवयव आला. चिन्ह म्हणून ते चालतं, पात्राचा नमुना म्हणून नाही. त्याच सुमारास दुसरं एक चिन्ह आलं: कानाजवळ बोट नेलेली कर्णबधिर व्यक्ती, बाई आणि पुरुष अशा रूपांतही. तिच्या कानात मशीन नाही. ही दोन्ही एकमेकांच्या जागी वापरू नका. मशीन लावून बोलून-ऐकून व्यवहार करणारी माणसं आहेत, मशीन न लावता सांकेतिक भाषेत जगणारी आहेत, आणि दोन्ही करणारीही पुष्कळ आहेत. तुमची मुलगी यातली कोण, हे चित्र काढण्याआधी ठरवा. नाही तर पहिल्या स्टिकरात ती फोनवर गप्पा मारेल आणि दुसऱ्यात फक्त खुणा करेल, आणि हे असं का, ते तुम्हालाच सांगता येणार नाही.

आता चित्र. मशीन म्हणजे एकच वस्तू नव्हे. लहान मुलांना सहसा देतात ते कानामागचं मशीन, आमच्या भाषेत बीटीई. कानाच्या वरच्या कडेमागे बसणारी एक लहानशी वाकडी डबी, तिच्या टोकाला हुक, हुकातून निघणारी पारदर्शक नळी, आणि नळीच्या शेवटी कानाच्या वाटीत घट्ट बसणारा साचा. मोल्ड म्हणतात त्याला. तो त्या मुलाच्या कानाचं माप घेऊन बनवतात, आणि कान वाढतो तसा बदलावा लागतो. मी पाहिलेल्या बहुतेक चित्रांत डबी असते, नळी आणि साचा गायब. म्हणजे आवाज तयार होतो आणि कानाच्या मागेच राहतो. नळी आणि साचा काढलात की निम्मं काम झालं. साचा रंगीत काढा, चमकी घातलेला काढा. मुलं खरंच तसे मागून घेतात.

कॉक्लिअर इम्प्लांट हे वेगळं. त्यात कानामागे प्रोसेसर असतो, तो दिसायला बीटीईसारखाच, पण त्याला कानात जाणारा साचा लागत नाही. प्रोसेसरमधून एक बारीक वायर निघते आणि डोक्यावर चिकटलेल्या गोल कॉइलला जाते. कॉइल लोहचुंबकाने धरलेली असते, कारण शस्त्रक्रियेत बसवलेला आतला भाग बरोबर त्या जागी कातडीखाली असतो. ही जागा कानाच्या वरच्या टोकापासून मागे आणि वर, केसांत. चित्रकार ती कॉइल कानशिलावर नेतात, मानेवर नेतात, एकदा तर गालावर पाहिली. एका अ‍ॅनिमेशनमध्ये मुलगी धावताना कॉइल वाऱ्यावर लोंबत होती. तसं झालं तर त्या क्षणी मुलीला काहीच ऐकू येत नाही, आणि ती धावायची थांबून आधी कॉइल शोधते. हे दाखवायचं असेल तर जरूर दाखवा, मजेदार स्टिकर होईल. नकळत दाखवू नका.

याशिवाय कानावर काहीच न ठेवता सगळं डोक्यावरच्या एका बटणात असलेले प्रोसेसर आहेत. जन्मतः बाहेरचा कान नीट न बनलेल्या मुलांसाठी हाडातून आवाज पोचवणारं यंत्र असतं, लहानपणी ते कापडी पट्ट्यावर लावून डोक्याला बांधतात. आणि वायरचं पॉकेट मशीन, जे पूर्वी शिबिरांत सर्रास मिळायचं. ते आता कमी झालंय, तरी खेडेगावात एखाद्या आजोबांच्या बंडीच्या खिशाला अजून दिसतं. तुमच्या अ‍ॅपमध्ये आजी-आजोबा असतील तर तिकडेही एक मशीन जाऊ द्या. ऐकू कमी येणाऱ्यांत म्हातारी माणसं खूप, आणि चित्रांत मात्र त्यांचा हात कानामागे वाटीसारखा धरलेला असतो, "काय म्हणालास?" विचारण्यापुरता.

डावं-उजवं सांभाळा, ही कळकळीची विनंती. आपल्याकडे सरकारी योजनेतून इम्प्लांट झालेल्या बहुतेक मुलांना ते एकाच कानाला असतं. दुसऱ्या कानाला कधी मशीन असतं, कधी काहीच नसतं. तुम्ही पात्र उजव्या कानात इम्प्लांट असलेलं काढता, मग पुढच्या चित्रात ते उलट्या दिशेला बघायला हवं म्हणून फाइल आडवी फिरवता. इम्प्लांट डाव्या कानात! मोठ्यांच्या लक्षात येत नाही, मुलांच्या पहिल्या नजरेत येतं. एका मुलाने मला विचारलं होतं, "हिचं परत ऑपरेशन झालं का?" तेव्हा मशीनचा लेयर वेगळा ठेवा आणि पात्र फिरवलं की हाताने परत योग्य बाजूला लावा. दोन्ही कानांना मशीन असेल तर आम्ही लाल खूण उजव्याला आणि निळी डाव्याला वापरतो, जगभर हीच रीत आहे. साच्यावर तेवढे दोन ठिपके दिलेत तर जाणकाराला कळेल की काढणाऱ्याने चौकशी केली होती.

रंगाबद्दल माझं मत जरा कडक आहे. बाजारात "त्वचेच्या रंगाचं" म्हणून जे मशीन येतं ते गोऱ्या माणसाच्या त्वचेचं असतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कानावर ते गुलाबीसर चिकटपट्टी लावल्यासारखं दिसतं. लपवायचं म्हणून घेतात आणि तेच आधी नजरेत भरतं. चित्रात तो रंग नकोच. व्हॉट्सअ‍ॅपचा स्टिकर ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा असला तरी फोनवर तो अंगठ्याएवढा दिसतो. त्यात काळ्या केसांवर काळी कॉइल काढली तर काढली काय नि न काढली काय. निळा, जांभळा, लाल, पांढरा, काहीही चालेल. आकार खऱ्यापेक्षा थोडा मोठा केलात तरी कोणी हरकत घेणार नाही, जागा मात्र चुकू नका.

केस हा तुमच्या पात्राचा खरा प्रश्न आहे, कारण मुलगी आहे. मोकळे केस कानावर आणलेत की मशीन गेलं. शाळेतली मुलगी आहे तर दोन वेण्या आणि रिबिनी घाला. वेणीचा भांग पाडून केस मागे ओढले की कॉइल स्वच्छ दिसते. खऱ्या आयाही वेणी घालताना कॉइलची जागा मोकळी ठेवतात, तिथे जाड क्लिप आली तर ती निसटते. अगदी लहान मुलांच्या मशीनला एक दोरी लावून तिची क्लिप फ्रॉकच्या कॉलरला मागे अडकवलेली असते, मशीन पडलं तर हरवू नये म्हणून. ही दोरी मी आजवर एकाही मराठी चित्रात पाहिलेली नाही.

मशीन कधी नसतं, हेही माहीत असू द्या. झोपताना नसतं, अंघोळीला नसतं. पोहताना आणि रंगपंचमीला बहुतेक मुलं ते काढून ठेवतात; आई आधी मशीन ताब्यात घेते, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवते, आणि मगच पोराच्या हातात पिचकारी पडते. त्यामुळे पाण्याचे फुगे फुटताहेत आणि मुलगी मशीन लावून मध्यभागी उभी आहे असं चित्र आमच्या पालकांना दाखवलंत तर त्यांच्या पोटात गोळा येईल. या मशीनची किंमत काय असते हे त्यांनाच ठाऊक. त्याऐवजी रंगपंचमीच्या स्टिकरात मशीन काढलेली मुलगी काढा, मैत्रीण समोर येऊन खांद्यावर थाप मारून तिला खूण करतेय. पात्र तेच आहे, हे वेण्यांवरून कळेलच. मशीन नसलेल्या मुलीलाही पात्रांत जागा मिळते आणि माहितीही खरी राहते.

हेडफोनचं एक. ऑनलाइन वर्ग म्हटलं की चित्रकार सगळ्यांच्या कानावर हेडफोन चढवतात. साचा घातलेल्या कानात इअरबड जाऊच शकत नाही. वरून मोठा हेडफोन ठेवता येतो, पण बीटीईचा माइक कानाच्या वर, डबीवर असतो, तो झाकला गेला पाहिजे. आणि फार दाबून बसला तर मशीन शिट्टी मारतं. आताची पुष्कळ मशीन्स ब्लूटूथने थेट फोनला जोडतात. आवाज सरळ मशीनमध्ये येतो, बाहेर काही ऐकू येत नाही. बघणाऱ्याला वाटतं पोरगी नुसती स्क्रीनकडे बघत बसलीय. हे तुम्ही एका चित्रात दाखवू शकता: सगळ्यांच्या कानांवर हेडफोन, हिच्या कानावर फक्त मशीन, आणि उत्तराला हात हिचा वर.

एआयकडून चित्र काढून घेणार असाल तर प्रत्येक चित्र तपासा. मी गंमत म्हणून करून पाहिलं. श्रवणयंत्र सांगितलं की इअरबड येतं, नाही तर कानाभोवती चमकणारी निळी वलयं असलेलं काहीतरी अंतराळवीराचं. इम्प्लांट सांगितलं तर कॉइल येते पण वायर कुठेच जोडलेली नसते.

आता पालकांकडे.

त्यांच्या डोळ्यासमोर कोणतं चित्र आहे, सांगते. मशीनवाटपाचं शिबिर. मागे फ्लेक्स, त्यावर पाहुण्यांचे चेहरे मशीन घेणाऱ्यांपेक्षा मोठे. पाहुण्यांच्या हातात मशीन, मुलाची मान धरून कान कॅमेऱ्याकडे वळवलेला, मुलाचे डोळे भलतीकडे. तो फोटो संध्याकाळपर्यंत गावाच्या सगळ्या ग्रुपवर. कोणी त्या मुलाला विचारलेलं नसतं. पुढे पाचवी-सहावीत गेल्यावर कोणीतरी वर्गात तो फोटो काढून दाखवतं. शिबिरं व्हायला हवीत, त्यांच्यामुळे हजारो घरांत मशीन पोचली. पण इंटरनेटवर आपल्याकडची श्रवणयंत्राची प्रतिमा बरीचशी अशा फोटोंनी बनलेली आहे, आणि त्यात मूल नेहमी घेणारं असतं.

दुसरा प्रकार स्विच-ऑनच्या व्हिडिओंचा. इम्प्लांट पहिल्यांदा चालू केलं, बाळाने आईचा आवाज ऐकला, बाळ हसलं, आई रडली, मागे संगीत. लाखो लोक बघतात. मी स्विच-ऑन केलेली कितीतरी बाळं त्या क्षणी भोकाड पसरून रडली, काहींनी ढिम्म लक्ष दिलं नाही, काहींनी कॉइल ओढून फेकली. हे अगदी अपेक्षित आहे. मेंदूला तो आवाज म्हणजे काय हे अजून माहीत नसतं. अर्थ लागायला महिने जातात, बोलणं यायला वर्षं, आणि त्यामागे आईवडिलांची रोजची मेहनत असते. पण व्हिडिओ फक्त हसलेल्या बाळांचे फिरतात. मग माझ्यासमोर बसलेली आई विचारते, आमचं का हसलं नाही, काही चुकलं का? मनोरंजनासाठी फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या क्लिपचा हा परिणाम मला ओपीडीत निस्तरावा लागतो, म्हणून त्या व्हिडिओंवर माझा राग आहे.

तेव्हा त्या पालकांना कळवा की अ‍ॅपमधल्या मुलीच्या वाट्याला "मशीन मिळालं आणि आयुष्य बदललं" ही गोष्ट येणार नाही. आणि तो शब्द पाळा. तिला मशीनशी संबंध नसलेली कामं द्या. ती कबड्डीत आउट होऊ दे, गणपतीच्या आरतीत भलत्याच कडव्याला टाळ्या पिटू दे, डब्यातली भेंडी खपवू दे, भांडू दे. चांगली, सोशिक, हुशार, सगळ्यांना प्रेरणा देणारी करू नका. अशी मुलं कुठे असतात? दहा स्टिकर्समधल्या एखाद्यात मशीनचा विषय आला तर हरकत नाही: सेल संपला, मशीन विसरलं, मशीन चार्जिंगला आहे. "सेल संपलाय" हा स्टिकर तर आमची मुलं दिवसातून दोनदा पाठवतील, ऐकायचं नसेल तेव्हाही.

प्रोफाइल-चित्र जुळवायची सोय करताय, तो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोठ्या कंपन्या इथे बऱ्याच पुढे गेल्यात. अ‍ॅपलने २०२१ मध्ये मेमोजीत, म्हणजे स्वतःसारखा चेहरा जुळवायच्या त्यांच्या सोयीत, कॉक्लिअर इम्प्लांट आणलं. फेसबुकवाल्या मेटाने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या अवतारांना इम्प्लांट आणि कानामागची मशीन्स दिली, एका किंवा दोन्ही कानांना, वेगवेगळ्या रंगांत. एका कानाचा पर्याय देणं ही साधी बाब नाही. तिथे कोणीतरी वापरणाऱ्यांना विचारलेलं दिसतं.

माझ्याकडची नववीतली एक मुलगी. इम्प्लांट लहानपणीच झालेलं, बोलणं उत्तम. फोटो काढताना नेहमी डावीकडचे केस पुढे. आईची तक्रार, की ही लाजते. एकदा मॅपिंगला आली तेव्हा तिने स्वतःहून फोन पुढे केला. अवतार बनवला होता, त्यात इम्प्लांट लावलं होतं, गडद जांभळं, केस मागे बांधलेले. आई म्हणाली, मग फोटोत का लपवतेस? तर म्हणाली, "हा रंग मी घेतलाय. तो तुम्ही घेतला होता." ती दोन वर्षांची असताना घरच्यांनी बदामी प्रोसेसर निवडला होता. पुढे प्रोसेसर बदलायची वेळ आली तेव्हा रंग तिने निवडला. केस अजूनही कधी पुढे असतात, कधी मागे. ते तिचं ती बघेल.

म्हणून तुमच्या अ‍ॅपमध्ये मशीन चष्म्या-टोपीच्या रांगेतच ठेवा. "अपंगत्व" असा वेगळा कप्पा करून त्यात टाकू नका, शोधायला गेलेलं मूल तो कप्पा सगळ्यांसमोर उघडणार नाही. डावा कान, उजवा कान, दोन्ही. बीटीई आणि इम्प्लांट वेगळे, एका कानाला हे आणि दुसऱ्याला ते असंही करता आलं पाहिजे. रंग भरपूर. आणि मशीन वापरणाऱ्या मुलाने ते चित्रात लावलं नाही, तर अ‍ॅपने, शिक्षकांनी किंवा आईने विचारू नये. मशीन न वापरणाऱ्या मुलाने आवडलं म्हणून लावलं, तर तेही चालू द्या.

आता थोडं कटू. मशीनवाली मुलगी काढून तुमच्या अ‍ॅपमधले धडे जर नुसते ऐकण्याचे असतील, तर त्या चित्राचा उपयोग काय? मशीन लावलं की सगळं ऐकू येतं असा समज पक्का आहे. चष्मा लावला की दिसतं, तसं इथे होत नाही. मशीन आवाज मोठा करतं, पण बोलणारा दोन मीटरपलीकडे गेला, पंखा घरघरला, तिघं एकदम बोलले, की शब्द विरतात. कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबलची घट असेल तर व्यक्ती ऐकू कमी येणारी आणि ७० किंवा त्याहून जास्त असेल तर कर्णबधिर. एवढी घट असलेली मुलं कान, ओठ आणि अंदाज हे तिन्ही लावून ऐकत असतात. ओठांचीही मर्यादा आहे. प, ब, म ओठांवर एकसारखे. आरशासमोर आवाज न काढता "मामा", "बाबा", "पापा" म्हणून बघा.

आणि तुमच्या अ‍ॅपमध्ये धडा सांगायला अ‍ॅनिमेशनची बाई असेल, तर ती जे ओठ हलवते, ते तर कुठल्याच अक्षराचे नसतात, नुसती उघडझाप असते. ओठ वाचणाऱ्या मुलाला तो त्रास आहे. खऱ्या शिक्षिकेचा व्हिडिओ घ्या, चेहऱ्यावर समोरून उजेड, पाठीमागे खिडकी नको, तोंडासमोर माइक नको. आभासी पार्श्वभूमी लावू नका, तिच्यात हाताची बोटं आणि कानाच्या कडा खाल्ल्या जातात. खुणा करणाऱ्याचे हातच गायब झाले तर राहिलं काय.

खाली मराठी मजकूर द्या, प्रत्येक धड्याला. हे उपकार नव्हेत. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांतल्या मजकूरपट्टीचा आणि सांकेतिक भाषेतल्या भाषांतराचा उल्लेख आहे, आणि संगणकीय साधनांच्या सुलभतेसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानकही आहे. मजकूर आपोआप करून घेतलात तरी माणसाने वाचून दुरुस्त करा. गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब २०१९ पासून आहे, त्यात मराठीही आहे, आणि माझे रुग्ण बँकेत, दुकानात ते वापरतात. पण विशेषनामं, आकडे आणि मध्येच आलेला इंग्रजी शब्द इथे ही यंत्रं अडखळतात. समोरासमोर बोलताना माणूस परत विचारू शकतो. पाठ शिकणारं मूल चुकीचा शब्दच पाठ करतं.

जमलं तर पडद्याच्या एका कोपऱ्यात दुभाष्याची चौकट ठेवण्याची सोय आत्ताच मांडणीत करून ठेवा, नंतर जागा सापडत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अ‍ॅडव्होकेट सारा सनी सर्वोच्च न्यायालयापुढे ऑनलाइन सुनावणीला भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह हजर राहिल्या, तेव्हा दुभाष्याला पडद्यावर जागा द्यायची की नाही इथूनच अडलं होतं. सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी होकार दिला आणि काम पुढे सरकलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात अडतं, तर आपल्या अ‍ॅपमध्ये अडेलच.

आणखी एक छोटं. कानावरून तिरकी रेघ गेलेलं जे चिन्ह असतं, ते शोभेला पहिल्या पानावर लावू नका. ते सोयीचं चिन्ह आहे: इथे ऐकू न येणाऱ्यांसाठी व्यवस्था केलेली आहे, असं ते सांगतं. शेजारी इंग्रजी टी असेल तर मशीनच्या टेलिकॉइलला (आतल्या तारेच्या लहानशा गुंडाळीला) आवाज थेट देणारी लूप, म्हणजे त्या जागेभोवती फिरवलेली तार, बसवलेली आहे असा अर्थ. व्यवस्था नसताना चिन्ह लावणं म्हणजे आत पायऱ्या आणि दारावर व्हीलचेअरची पाटी.

पुढचं काम असं करा. मुलीची चार-पाच कच्ची चित्रं काढा, समोरून, बाजूने आणि मागून. मागून विसरू नका, कॉइल तिथूनच नीट दिसते. ती माझ्याकडे पाठवलीत तर मी बघेन, पण आधी तुमच्या जवळच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत किंवा एखाद्या थेरपी सेंटरमध्ये घेऊन जा. मुंबईत असाल तर वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे विचारा. शिक्षकांना मत विचारू नका, मुलांच्या हातात कागद आणि पेन्सिल द्या आणि "यात काय चुकलंय ते दुरुस्त करा" एवढंच सांगा. पालकांची परवानगी आधी घ्या, आणि मुलांचे फोटो काढू नका. त्या वेळाचे पैसे शाळेला द्या. ज्या पालकांनी तक्रार केली त्यांनाही त्या दिवशी बोलवा, आणि त्यांची मुलगी किंवा मुलगा येत असेल तर पहिली पेन्सिल तिकडे.